एका तारेचे वांटेकरी

वांटणी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें सात-बाराचा उतारा, मोजणीदाराची सांखळी आणि बांधावरचा दगड हींच उभीं राहतात. चार एकरांचे दोन वांटे केले तर प्रत्येकाच्या पदरीं दोन एकर पडतात; भावाभावांत अबोला आला तरी एकूण जमीन कमी होत नाहीं. परंतु गेल्या चाळीस वर्षांत आपल्या घरोघर अशा एका वस्तूची वांटणी चालूं झाली आहे कीं, ती वांटतांच तिची एकूण बेरीज घटते. वांटणी करणारें उपकरण आपली दलाली आधीं कापून घेतें आणि मग उरलेलें वांटतें. ती वस्तु म्हणजे दूरचित्रवाणीच्या तारेंतून येणारा सिग्नल, आणि तें उपकरण म्हणजे काड्यापेटीहून फारशी मोठी नसलेली धातूची एक डबी, जिला केबलवाला स्प्लिटर म्हणतो. ही डबी आणि तिच्या पाठोपाठ घरांत शिरलेला बूस्टर यांचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असें कोणास वाटत नसावें. आमच्या मतें मात्र दीडशें वर्षांत मोठमोठ्या विद्वानांनीं केलेली एक चूक आज आपल्या माजघरांत पुन्हां पुन्हां घडत आहे, आणि ती समजून घेण्यास या इतिहासाचाच उपयोग आहे.

यवतमाळहून अमरावतीस जाणाऱ्या रस्त्यावरील नेर हें तालुक्याचें गांव घ्या; नेर परसोपंत या जुन्या नांवानेंही तें ओळखलें जातें. कापसाच्या मुलखांतील या गांवापर्यंत चित्र येऊन पोंचणें हीच मुळांत लांबची मजल होती. दिल्लीस दूरचित्रवाणी १९५९ सालीं सुरू झाली, मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. विदर्भास आणखी दहाएक वर्षें वाट पाहावी लागली. १९८३ सालीं 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह अवकाशांत गेला आणि त्याच्या आधारानें देशभर लहानलहान प्रक्षेपक उभे राहूं लागले. अशा प्रक्षेपकाचा पल्ला थोडका. मोठ्या प्रक्षेपकाचाही पल्ला क्षितिजापलीकडे फारसा जात नाहीं, आणि नागपूर तर नेरपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेव्हां पल्ल्याच्या कांठावरील गांवांत घरावर उंच लोखंडी नळी आणि तिच्या टोंकास ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, हा प्रतिष्ठेचा देखावा दिसूं लागला. जपानांत यागी आणि उडा या दोघांनीं १९२६ च्या सुमारास सिद्ध केलेली ही रचना आपल्या कौलांवर कावळ्यांस बसावयास सोयीची म्हणून अधिक प्रसिद्धीस आली! एक जण वर चढून नळी फिरवी, दुसरा अंगणांतून 'आलें, आलें... गेलें' असें ओरडे. इतकें करूनही पडद्यावर मुंग्या दिसल्याच तर शहरांतून बूस्टर आणला जाई.

त्या काळीं वांटणी होई ती माणसांची. १९८७ सालीं 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हां रविवारीं सकाळीं एका संचापुढें सारी आळी बसे. पुढें एका तारेवर अनेक संच आले, आणि आतां एकाच घरांत माणसागणिक संच झाला आहे. या तीन अवस्थांपैकीं दुसरी आणि तिसरी यांच्या सांध्यावर स्प्लिटर उभा आहे.

सिग्नल क्षीण झाला तर त्याचा जोर वाढवावा, हा विचार सहज सुचणारा आहे. आणि तो पहिल्यानें फार महागांत पडला. १८५८ सालीं आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशीं तारायंत्राची पहिली तार पडली. तिच्या दुसऱ्या टोंकास इतका क्षीण प्रवाह पोंचे कीं, राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा निरोप पलीकडे जाण्यास सुमारें सोळा तास लागले. तेथील विद्युत्‌-अधिकारी व्हाइटहाउस यानें सरळ उपाय योजला: तारेंत सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब सोडला. तार मुळांतच सदोष होती. या मारानें ती पुरती गेली आणि कांहीं आठवड्यांतच मुकी झाली. विल्यम टॉम्सन, जो पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झाला, त्याचें म्हणणें निराळें होतें. ओरडण्यापेक्षां ऐकण्याकडे लक्ष द्या, क्षीण प्रवाहही टिपील असें नाजूक यंत्र दुसऱ्या टोंकास बसवा, असा त्याचा आग्रह. १८६६ सालीं टिकाऊ तार पडली ती त्याच्याच विचारसरणीनें.

पुढें निर्वात नळी निघाली आणि क्षीण प्रवाह खरोखरच वाढविणें शक्य झालें. १९१५ सालीं न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोनवर बोलणें सुरू झालें तें वाटेंत बसविलेल्या अशा वर्धकांमुळेंच. पण वर्धकाच्या दोन खोडी लवकरच लक्षांत आल्या. एक, तो सिग्नल वाढवितो तसा सिग्नलांत मिसळलेला कचराही वाढवितो, आणि वर आपल्या पदरचा थोडा कचरा घालतो. दुसरी, त्याच्याकडून फार काम घेतलें तर तो मूळ आवाजाचें रूपच बिघडवितो. दुसऱ्या खोडीवर उपाय हॅरल्ड ब्लॅक या अभियंत्यास २ ऑगस्ट १९२७ रोजीं कामावर जातांना नदींतील नावेवर सुचला, आणि त्यानें तो हातांतील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवला. पहिल्या खोडीवर उपाय नाहीं, केवळ शिस्त आहे. ती शिस्त बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंतील हॅराल्ड फ्रीस यानें १९४४ सालीं गणितानें मांडली. वर्धकांची मालिका असेल तर एकंदर शुद्धता मुख्यतः पहिल्याच वर्धकावर अवलंबून असते, आणि त्याच्या आधीं जितका सिग्नल वाया गेला तितका कायमचाच गेला, असा तिचा इत्यर्थ. प्रवाहाची ही घटवाढ मोजण्याचें डेसिबल हें मापही त्याच कंपनीनें १९२० नंतरच्या दशकांत रूढ केलें. वाचकांनीं त्याची धास्ती घेऊं नये. तीन डेसिबल कमी म्हणजे सामर्थ्य निम्में, दहा कमी म्हणजे दहावा हिस्सा, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे. आणि गुणाकार-भागाकाराच्या जागीं साध्या बेरजा-वजाबाक्या करावयाच्या.

या सर्व विद्येचा दूरचित्रवाणीशीं संबंध आला तो अमेरिकेंतील कांहीं आडगांवीं. पेनसिल्व्हेनिया संस्थानांत महानॉय सिटी म्हणून कोळशाच्या खाणींचें एक गांव आहे. तेथील दुकानदार जॉन वॉल्सन याच्याजवळ संच विकावयास होते, पण फिलाडेल्फियाचें चित्र डोंगराआड अडून राही. चित्र नाहीं तर गिऱ्हाईक नाहीं. त्यानें डोंगरावर अँटेना उभारून तेथून दुकानापर्यंत तार आणली, आणि वाटेवरील घरांना तिच्यावर जोडून दिलें. हें १९४८ सालीं घडलें असें त्याचें म्हणणें. त्याच वर्षीं पश्चिम किनाऱ्यावर अस्टोरिया गांवीं एड पार्सन्स यानें पत्नीच्या हौसेखातर एका हॉटेलाच्या गच्चीवर अँटेना लावून सिअ‍ॅटलचें चित्र पकडलें आणि शेजाऱ्यांस तारेनें वांटलें. पहिला मान कोणाचा हा वाद इतिहासकारांनीं खुशाल चालवावा. आम्हांस त्यांत लक्षणीय वाटतें तें हें कीं, दोघांनींही वर्धकाचा आरंभ सिग्नल जेथें सर्वांत शुद्ध मिळे तेथूनच केला, म्हणजे डोंगरमाथ्यावर किंवा गच्चीवर. गांवांत आल्यावर बघूं, असें म्हणण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती. अशा वर्धकांचा कारखाना काढणारा मिल्टन शॅप हा पुढें त्याच संस्थानाचा गव्हर्नर झाला. तारा वांटून राजपदास चढल्याचें हें उदाहरण विरळाच म्हणावें लागेल.

या धंद्यानें पुढें एक सुरेख तोड काढली, तिच्याविषयीं येथें थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. लांब तारेवर ओळीनें घरें असलीं तर पहिल्या घरापाशीं सिग्नल जोरदार असतो, शेवटच्या घरापाशीं क्षीण. प्रत्येक घरापाशीं सारखा निम्मा वांटा काढूं लागलों तर पहिल्यास निम्मा, दुसऱ्यास पाव, तिसऱ्यास दोन आणे, चौथ्यास एक आणा अशी गति होते. समान वाटणारा नियम शेवटच्यास उपाशी ठेवतो. म्हणून तेथें स्प्लिटर न लावतां 'टॅप' लावतात. पहिल्या घरचा टॅप तारेंतून अगदीं थेंबभर काढतो आणि बाकीचें सारें पुढें जाऊं देतो. पुढच्या घरचा थोडा अधिक काढतो. शेवटच्याचा सर्वांत मोठा घोट घेतो. वांटे विषम, पण प्रत्येकाच्या घरीं येणारें चित्र सारखें. आमच्या धंद्यांतला दाखला द्यावयाचा तर, मागच्या बांकावर ऐकूं जात नाहीं म्हणून प्राध्यापक ओरडूं लागला कीं पुढच्या बांकावरचे विद्यार्थी कानांवर हात ठेवतात आणि मागच्यांना तरीही शब्द कळत नाहींत. ज्या केबलवाल्यास टॅपांचा हिशेब ठाऊक नसतो तो नेमकें हेंच करतो.

आपल्याकडे केबलचा प्रवेश १९८४ च्या सुमारास मुंबईच्या हॉटेलांतून आणि बहुमजली इमारतींतून झाला. तळमजल्यावर एक व्हिडिओ यंत्र, आणि तेथून मजल्यामजल्यांस तारा. १९९१ च्या जानेवारींत आखाती युद्ध पेटलें तेव्हां तें घरबसल्या पाहतां येतें हा नवा चमत्कार लोकांस कळला. त्याच वर्षीं हाँगकाँगहून स्टार टी.व्ही. सुरू झाला, आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी टी.व्ही. आतां गांवोगांवच्या होतकरू तरुणांनीं मोठी छत्री विकत घेऊन घरांच्या भिंतींवरून आणि विजेच्या खांबांवरून काळ्या तारा ओढल्या. सरकारनें १९९४ सालीं वटहुकूम आणि १९९५ सालीं कायदा केला. केबलवाल्यानें आपल्या भागांतील मुख्य टपाल कचेरींत नांव नोंदवावें असा नियम झाला. रेडिओचा परवानाही एके काळीं टपाल कचेरींतच मिळे, तेव्हां परंपरा राखली गेली म्हणावयाची. वापरावयाचीं उपकरणें भारतीय मानकांस धरून असावींत असेंही कायद्याच्या नवव्या कलमांत आहे. तें कलम पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राहिलें. पण या मंडळींची आम्हांस निंदा करावयाची नाहीं. ज्या गांवांकडे कोणत्याही मोठ्या कंपनीचें लक्ष जाणें शक्य नव्हतें तेथें त्यांनीं जग आणून पोंचविलें, तेंही हातांत फक्त पकड आणि शिडी घेऊन.

कायदा मात्र केबलवाल्यापाशीं थांबतो. घराच्या उंबरठ्याच्या आंत काय होतें हें ज्याचें त्यानें पाहावयाचें. आतां नेरसारख्या गांवांतील एका घराची कल्पना करा. पुढच्या दिवाणखान्यांत थोरल्या मुलाचा मोठा नवा संच. वर माडीवर धाकट्याचा. आणि घरांतील सर्वांत जुना संच फिरत फिरत मागच्या खोलींत म्हाताऱ्या आईच्या वांट्यास आलेला. तार पुढच्या दारानें येते, म्हणून पहिला स्प्लिटर दिवाणखान्यांत. तेथून पंचवीस मीटर तार माडीवर, तेथें दुसरा स्प्लिटर. आणि तेथून आणखी पंचवीस मीटर तार खालीं उतरून मागच्या खोलींत. दोन वांट्यांच्या स्प्लिटरनें निम्म्याचे तीन डेसिबल जातात, आणि डबीची दलाली अर्धा ते एक. म्हणजे चार धरूं. घरांत वापरतात त्या आर.जी.-६ जातीच्या चांगल्या तारेंत वरच्या वाहिन्यांसाठीं शंभर मीटरांस सोळाच्या आसपास डेसिबल झिजतात, म्हणजे पंचवीस मीटरांस चार. दारांत ६२ आले असें समजा (हें माप एका मायक्रोव्होल्टापासून वर मोजलेलें आहे, आणि जुन्या पद्धतीच्या संचास साधारण ६० ते ८० लागत). दिवाणखान्यांत ५८ उरले; तेथें चित्र जवळजवळ निर्मळ. माडीवर तारेचे चार आणि डबीचे चार जाऊन ५०. आईच्या खोलींत ४६, आणि पडद्यावर मुंग्यांचें वारूळ.

आई तक्रार करते. मुलगा सद्हेतूनें बाजारांतून पंधरा डेसिबलांचा बूस्टर आणतो आणि जेथें तक्रार आहे तेथें, म्हणजे आईच्या संचामागें, बसवितो. ४६ अधिक १५ म्हणजे ६१. आंकडा तर साठाच्या वर गेला. पण मुंग्या तशाच, फार तर अधिक ठळक! कारण सिग्नल जेव्हां ४६ पर्यंत खालीं उतरला तेव्हांच तो कचऱ्याच्या पातळीजवळ आला होता, आणि बूस्टरनें दोघांनाही सारखेंच उचललें. आतां तोच बूस्टर दारापाशीं, पहिल्या स्प्लिटरच्या आधीं लावून पाहा. ६२ अधिक १५ म्हणजे ७७. दिवाणखान्यांत ७३, माडीवर ६५, आणि आईच्या खोलींत ६१. आंकडा तोच ६१, पण हें चित्र निराळें आहे, कारण येथें वाढ झाली ती सिग्नल शुद्ध असतांना आणि झीज झाली ती मागाहून. व्हाइटहाउस आणि टॉम्सन, वॉल्सनचा डोंगर आणि फ्रीसचें गणित हीं सारीं या दोन ६१ मधील अंतरांत सांपडतात.

बूस्टर दारापाशीं लावावा एवढेंही पुरत नाहीं. दारांत आधींच ८० येत असतील आणि त्यांवर पंधरा-वीस चढविले, तर ब्लॅकला सतावणारी ती दुसरी खोडी उगवते. एका वाहिनीच्या चित्रांत दुसरीच्या रेघा शिरतात, आणि घरधनी सिग्नल कमी आहे असें समजून आणखी एक बूस्टर आणतो. पुष्कळ वेळां बूस्टरची गरजच नसते. पिळून जोडलेली आणि वर चिकटपट्टी गुंडाळलेली तार, पावसानें गंजलेलें तोंड, स्वस्तांतली बारीक तार, किंवा दोन संच असतां 'पुढें लागेल' म्हणून लावलेला आठ वांट्यांचा स्प्लिटर, जो लागो न लागो प्रत्येक वांट्यामागें अकराएक डेसिबल खातो: असल्या गळत्या बुजविल्या कीं काम भागतें. स्प्लिटरचें एखादें तोंड मोकळें राहिलें तर तेथें ७५ ओहमांची टोपी बसवावी. नाहींतर तेथून उलटलेली लाट चित्रापाशीं त्याची फिकट सावली उभी करते. ही टोपी अगदीं किरकोळ किंमतीची असते, आणि म्हणूनच बहुधा ती कोणी लावीत नाहीं.

मुंग्या आणि सावल्या हा आतां बऱ्याच अंशीं गत इतिहास झाला आहे. २०१२ सालीं महानगरांपासून केबलचें डिजिटलीकरण सुरू झालें. नागपूर, पुणें यांसारख्या शहरांची पाळी २०१३ सालीं आली, आणि नेरसारख्या नगरपरिषदांच्या गांवांना तिसऱ्या टप्प्यांत घालून २०१७ च्या आरंभापर्यंत मुदत दिली गेली. डिजिटल सिग्नल जुन्यापेक्षां काटक आहे. ज्या पातळीवर पूर्वीं मुंग्या येत तेथें तो स्वच्छ चित्र देतो. पण त्याचा एक स्वभाव कठोर आहे. जुनें चित्र आजारी माणसासारखें हळूहळू खंगे, आणि खंगतां खंगतां सूचना देई. नवें चित्र शेवटच्या क्षणापर्यंत धडधाकट दिसतें, मग एकाएकीं चौकोनाचौकोनांनीं फुटतें आणि पडदा काळा होतो. दोन-तीन डेसिबलांचा फरक, एखादा दमट सांधा, दुपारच्या उन्हानें तापलेली तार, एवढ्यानें मागच्या खोलींतील संच बंद पडतो. आणि दिवाणखान्यांतील तो व्यवस्थित चालूं असल्यामुळें केबलवाला डबा बिघडला म्हणतो, मुलगा केबलवाल्यास नांवें ठेवतो, आणि आईला बटणें दाबतां येत नाहींत असा निकाल लागतो. प्रत्येक संचास आतां स्वतंत्र डबा आणि स्वतंत्र वर्गणी लागते. त्या घरांतील दुसऱ्या संचासाठीं मूळ जोडणी-आकाराच्या शेंकडा ४० हून अधिक घेऊं नये, असें नियामक प्राधिकरणानें २०२० सालीं ठरविलें होतें. तथापि तारेच्या वांटणीचें गणित वर्गणी भरल्यानें बदलत नाहीं.

घरावरील लहान छत्रीचा प्रकार आणखी वेगळा. २००४ सालीं दूरदर्शनची फुकट सेवा सुरू झाली आणि पुढें ती खेड्यापाड्यांत पसरली. वर्गणीच्या कंपन्याही आल्या. येथें केबलचा स्प्लिटर लावून दोन डबे चालविण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. छत्रीच्या तोंडाशीं जो भाग असतो त्यास वीज डब्याकडूनच तारेवाटे वर जाते, आणि १३ व्होल्ट कीं १८ यावरून कोणत्या लहरी घ्यावयाच्या हें ठरतें. दोन डब्यांनीं दोन निरनिराळे हुकूम सोडले तर त्यानें कोणाचें ऐकावें? शिवाय तारेंतील लहरी ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या, आणि केबलची डबी जेमतेम हजारापर्यंतच्या कामाची. तेथें दोन तोंडांचा भाग घेऊन दोन स्वतंत्र तारा आणणें हाच मार्ग.

अलीकडे गांवोगांवीं काचेचा तंतु येऊं लागला आहे. त्यांत झीज इतकी थोडी कीं एका किलोमीटरास अर्धा डेसिबलही जात नाहीं. वर्धकांच्या लांब मालिकांची गरज त्यानें पुष्कळशी संपविली. पण तंतु घरोघर न्यावयाचा म्हटला कीं त्यासही स्प्लिटर लागतो, आणि तेथें एका प्रकाशकिरणाचे दोन केले कीं तीन डेसिबल जातात, आठ केले कीं नऊ. डबीची दलाली निराळी. तंतु दारापर्यंत येऊन थांबतो तेथें पुढें बहुतेक घरांत जुनीच काळी तार दिवाणखान्यांतून माडीवर जाते, आणि माडीवरून मागच्या खोलींत.